मुदतीचा भंडारा

आमच्या वडगाव रासाईत कोणाच्या तोंडून ‘पुरावा’ हा शब्द निघाला, की ऐकणारा पहिलं विचारतो, बांधाचा का विहिरीचा. तिसरा पुरावा आमच्याकडं नसतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्यातलं निम्मं मास्तरणीचं तान्हं पोर सांभाळण्यात गेलं. बाकीचं शिक्षण शिरूरच्या कोर्टात झालं. चुलत दिरानं आमचा बांध कोरला होता. त्या दाव्याच्या तारखेला जायला आमचे मालक लाजायचे, म्हणून मी जायची. आपला साक्षीदार उभा कसा करावा, दुसऱ्याचा आडवा कसा पाडावा, वकील ऐन वेळी खोकतो तो कशासाठी, हे मला वकिलाच्या बायकोपेक्षा जास्त कळतं. दावा आम्ही जिंकला. चुलत दीर अजून त्या बांधावरून मान खाली घालून चालतो.

अशा घरातलं पोर डॉक्टर झालं तर नवल काय. सत्यजीतनं वरवंडला हायवेच्या कडेला दवाखाना टाकला. त्याच्या हाताला गुण आहे हे मी आई म्हणून सांगत नाही, आख्खा दौंड तालुका सांगतो. मी फक्त त्यांना आठवण करून देते.

पण परवाच्या कार्तिकात मी शेंगा आणि बाजरीचं पीठ घेऊन वरवंडला गेले, तर दवाखान्याची बाकडी रिकामी. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. एका खाटेवर दोन-दोन पेशंट, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी, आणि सगळ्यांच्या हाताला सलाईन. आता ते सलाईनचे उंच स्टँड कोपऱ्यात ढकललेले, आणि त्यांच्यावर सुनेनं ओले टॉवेल वाळत घातलेले. अनिताला विचारलं, हे काय गं. ती म्हणाली, ह्यांनी उठसूट सलाईन लावायचं बंद केलंय, निकालच तसा लागलाय. मग पेशंट कुठं गेले? तर म्हणे, ज्याला सलाईन हवं तो पुढच्या दवाखान्यात जातो. एवढं बोलून ती गालात हसली. मला वाटलं, बिचारी दुःख लपवतेय.

संध्याकाळी मी मागच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते आणि सत्यजीत आत कोणाशी तरी फोनवर बोलत होता. मी कान दिला नव्हता, तो आपोआप गेला.

“पुरावा माझ्याकडं भक्कम आहे,” तो म्हणत होता. “ट्रायल एक नाही, कितीतरी झाल्यात, निकाल सगळीकडं एकच. रविवारी दौंडला सगळ्यांसमोर मांडतो. पण मेहमूद सर विरोधात उभे राहणार, आणि सर बोलले की बाकीचे माना डोलावणार. माझ्या बाजूनं एक माणूस नाही रे. हे असंच चाललं तर दवाखाना बंद करून पुण्याला नोकरी धरावी लागेल.”

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. पुरावा, ट्रायल, निकाल, विरोधात उभे राहणार. एवढे शब्द एका दमात मी फक्त शिरूरला ऐकले होते. माझ्या पोरावर केस झाली होती. सलाईनमध्ये कोणाचं तरी बरंवाईट झालं असणार, म्हणून सलाईन बंद. आणि विरोधात कोण, तर दौंडचे मेहमूद डॉक्टर. भीमेच्या दोन्ही काठांची निम्मी माणसं ज्यांनी तपासली, ज्यांनी लहानपणी सत्याच्या गळ्यात स्वतःची नळी अडकवून ‘तू डॉक्टर हो’ म्हणून सांगितलं, तेच.

जेवताना मी सत्यजीतला सरळ विचारलं, रविवारी दौंडला काय हाय.

तो म्हणाला, “आई, ते तुला नाही कळायचं.”

मी पुढं विचारलं नाही. पोटचं पोर असं म्हणतं तेव्हा विचारायचं नसतं, करून दाखवायचं असतं. माझ्या बाजूनं एक माणूस नाही म्हणतोस काय? थांब लेका, टेंपोभर आणते.

दुसऱ्याच दिवशी वडगावला परतले आणि साक्षीदार गोळा केले. पहिले हौसराव आप्पा. गावच्या निम्म्या दाव्यांत त्यांची साक्ष झालेली आहे, ते फक्त कोणत्या बाजूनं बोलायचंय एवढंच विचारतात. मग माझी शेजारीण मुक्ताबाई. तिला रडू लवकर येतं, आणि कोर्टात एक रडणारं माणूस लागतं. मग पोपट, कारण टेंपो त्याचा. अजून पाचसहा जण, ज्यांना सत्यजीतनं कधी ना कधी उठवून बसवलेलं. सगळ्यांना एकच सांगितलं, सत्यजीतनं तुला कसं बरं केलं तेवढं बोलायचं, आणि शपथेवर बोलायचं. त्यासाठी कमरेच्या चंचीत जेजुरीचा भंडारा बांधून घेतला. आमच्याकडं कोर्टातल्या पुस्तकावर हात ठेवून माणूस काहीही बोलेल, पण भंडारा उचलून खोटं बोलणारा अजून जन्माला यायचाय.

रविवारी निघालो. आदल्या दिवशी पोपटनं त्याच टेंपोत कांदा भरला होता, त्यामुळं आम्ही सगळे कांद्याच्या पापुद्र्यांत बसलो. पूल ओलांडला, चौफुला गेला. वरवंड आलं तसं मी सगळ्यांना खाली वाकायला लावलं, सत्याच्या दवाखान्यातून कोणी बघायला नको. पाटसपर्यंत आप्पांनी आपली साक्ष तीन चालींत म्हणून दाखवली. मुक्ताबाईला सराव करतानाच रडू आलं, तर तिला गप्प करावं लागलं, की बाई, दौंडपर्यंत काहीतरी शिल्लक ठेव.

अनिताकडून गोड बोलून काढलेला पत्ता होता एका मंगल कार्यालयाचा. हे जरा चमत्कारिक वाटलं, पण कोर्टाची इमारत दुरुस्तीला काढली असेल असं आप्पा म्हणाले. दारात फेटेवाला उभा होता. त्यानं विचारलं, मुलाकडचे का मुलीकडचे. मी म्हणाले, मुलाकडचे. मुलाची आईच हाय मी. त्यानं हात जोडले. पुढच्या क्षणाला आमच्यावर गुलाबपाणी उडालं, बापय माणसांना फेटे बांधले गेले, माझ्या ओटीत नारळ आला आणि सगळ्यांच्या पुढ्यात पोहे-पेढे. पोपट म्हणाला, काकी, असं कोर्ट शिरूरला का न्हाई?

पेढा खाऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा कोणाचा तरी साखरपुडा आहे, मांडवात एक पोरगी शालू नेसून बसलीय आणि तिची आई माझ्याकडं टक लावून बघतेय. तिच्या मते मुलाची आई ती समोर उभी असलेली जाड बाई होती, आणि आता दोन झाल्या होत्या. तिथून आम्ही जे निघालो ते सरळ जिन्यानं वर. वरच्या हॉलच्या दारावर इंग्रजी पाटी होती, पण आतून सत्यजीतचा आवाज आला. मी दार ढकललं.

आत अंधार. पन्नासभर माणसं खुर्च्यांवर, सगळी शिकलेली दिसत होती, कारण निम्मी झोपली होती. सत्यजीत पुढं उभा. भिंतीवर उजेडाचा एक नकाशा, त्यात शेजारीशेजारी दोन खांब, सारख्याच उंचीचे, आणि सत्यजीत लाल ठिपक्यानं ते दाखवत होता. म्हटलं, बघा, मोजणीचा नकाशासुद्धा झालाय.

“थांबा,” मी म्हणाले. “आमच्या बाजूचे साक्षीदार आल्याबिगर निकाल द्यायचा न्हाई.”

कोणीतरी दिवे लावले. फेटे बांधलेले, कांद्याचे पापुद्रे चिकटलेले, हातात नारळ असलेले आम्ही सगळे उजेडात आलो. सत्यजीतचा लाल ठिपका भिंतीवरून घसरला आणि मेहमूद डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर येऊन थांबला.

“आई,” तो एवढंच म्हणाला, पण ते त्यानं तीनदा म्हटलं. मग म्हणाला की हे कोर्ट नाही, डॉक्टरांची मीटिंग आहे. मी विचारलं, मग ट्रायल कशाची चाललीय? तो म्हणाला, सलाईनची. मी विचारलं, म्हंजी आरोपी सलाईन हाय?

पहिल्या रांगेतून मेहमूद डॉक्टर उठले. केस आता सगळे पांढरे, पण हसताना अजून तसेच खांदे हलतात.

“आरोपी सलाईनच आहे, वैनी,” ते म्हणाले. “तुमचा मुलगा तिच्यावर खटला चालवतोय. म्हणतो, जुलाब झालेला माणूस तोंडानं पिऊ शकत असेल तर मीठ-साखरेचं पाणी सलाईनइतकंच काम करतं. आम्ही सगळे म्हणतो, सलाईन चांगलं. आता तुम्ही साक्षीदार आणलेच आहेत, तर बोलू द्या.”

मी सत्यजीतकडं बघितलं. तो मान हलवून नको नको म्हणत होता. पण आप्पांच्या साक्षीला एकदा चावी दिली की ती मधे थांबत नाही.

आप्पा म्हणाले, सत्यजीतनं त्यांना सलाईन लावलं आणि त्याच दिवशी ते सोसायटीच्या मतदानाला स्वतःच्या पायानं चालत गेले. मुक्ताबाई म्हणाली, ते थेंब-थेंब अंगात उतरताना ठिबकावरच्या उसासारखं वाटलं, आणि रडली. पोपट म्हणाला, साधं बी चांगलंय, पण पिवळं सलाईन लई गुणाचं. बाकीच्यांनी पिवळ्याला दुजोरा दिला. हॉल इतका हसला की मागचे झोपलेलेही जागे होऊन हसायला लागले.

“सत्यजीत,” मेहमूद डॉक्टर म्हणाले, “तुझ्या आईनं माझे साक्षीदार आणून दिले, आणि तेही फेटे बांधून.”

सत्यजीत हसला नाही. त्यानं कागद गोळा करायला सुरुवात केली. त्याच्या हाताकडं बघितल्यावर मला कळलं की हा आता वरवंडची पाटी उतरवणार. साक्षीदार कोणी आणले हा प्रश्न वेगळा. कोर्टात आपलाच साक्षीदार फिरला की त्याला फितूर म्हणतात, आणि मग आपणच त्याची उलटतपासणी घेतो.

मी पोपटला पुढं ओढला.

“सलाईन लावलं त्या दिशी किती वेळ पडून व्हतास?”

“दिवस मावळस्तवर.”

“टेंपो?”

“बंदच की.”

“प्यायला काय दिलं?”

“बायकूनं मीठ घालून ताक आणलं. मग लिंबाचं सरबत. मग पेज.”

“पोटात ऱ्हायलं?”

“सगळं.”

“मग बाबा, तू ताकानं उठलास का नळीनं?”

पोपटनं फेट्याचा शेमला हातात घेऊन बघितला. म्हणाला, “आता ताकाला कसं इचारू, काकी?”

मग मुक्ताबाईची पाळी. तिला आणि तिच्या धाकट्या जावेला एकाच लग्नातलं जेवण बाधलं होतं, हे सगळ्या आळीला माहीत. मी विचारलं, जावंला कुठल्या दवाखान्यात नेलं? ती म्हणाली, कुठंच न्हाई, गाडीवर एकीलाच जागा व्हती. मग तिनं काय केलं? घरातच मीठ-साखरेचं पाणी पीत बसली. आणि उठली कवा? मुक्ताबाईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “माझ्या आदी. मी दवाखान्यातनं आले तवा ती भाकरी थापत व्हती.” आणि वर म्हणाली, “पण ती पैल्यापासनंच आगाव हाय.”

मी सत्यजीतकडं वळले, की झालं तुझं काम. पण हा माझा पोरगा. त्यानं आईलासुद्धा सोडलं नाही.

“आई, दोन जावांवर काही सिद्ध होत नाही,” तो म्हणाला. “एखादी आगाऊ असते, एखादी नाजूक. म्हणून तर अशा शेकड्यांनी जावा घेतात, आणि कोणाला नळी, कोणाला पाणी हे चिठ्ठी टाकून ठरवतात, म्हणजे सासूची मर्जी चालत नाही. त्याला ट्रायल म्हणतात. आणि जी पिऊच शकत नाही, जिची उलटी थांबत नाही, डोळे खोल गेलेत, तिला सलाईन लागतंच. तिचं मी बंद केलेलं नाही.” मग तो हॉलकडं बघून बोलला. “हा पुरावा काही कालचा नाही. आपण कॉलेज सोडलं, तेव्हापासून पुस्तक सोडलं. औषध विकायला येणारा माणूस जे सांगतो तेवढंच आपलं वाचन.”

मेहमूद डॉक्टर सावकाश खाली बसले.

“मी वाचलं होतं रे,” ते म्हणाले. “वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. मी नाही लावलं तर शेजारचा लावतो. पेशंट तिकडं जातो, आणि जाताना म्हणतो, मेहमूद डॉक्टरला आता काही येत नाही. ह्या वयात ते ऐकवत नाही. मग पुढं वाचायचंच सोडलं. वाचलं नाही की त्रास होत नाही.”

पन्नास डॉक्टर आपापल्या बुटांकडं बघायला लागले. आणि मला खरा दावा कळला. बांधाचाच होता. एकानं नांगर मागं घेतला की शेजारी नांगराची एक रेघ आत घुसतो, म्हणून कोणीच मागं घेत नाही, आणि बांध दोन्हीकडून मरतो. ह्याला आमच्या गावात एकच उपाय आहे. दोघांनी एकाच दिवशी, एकाच वेळी बांधावर उभं राहायचं आणि भंडारा उचलायचा.

मी चंची सोडली. भंडाऱ्याखाली ठेवायला बेल नव्हता, तर पोपटला खाली पाठवून साखरपुड्यातली विड्याची पानं मागवली. टेबलावर पान, पानावर भंडारा. एक तरुण डॉक्टर म्हणाला, आपण ठराव लिहून सह्या घेऊया का. मी म्हणाले, “लेकरा, ठरावाला कोण भीत न्हाई. सोसायटीचे ठराव मी बघितल्यात.”

पहिल्यांदा माझ्या साक्षीदारांना उचलायला लावला, की तोंडानं पिता येतंय तवर सलाईन मागायचं न्हाई. पोपटनं विचारलं, पिवळं बी न्हाई? पिवळं बी न्हाई. मग डॉक्टर रांगेनं आले. पुस्तक वाचायला जे कंटाळत होते ते भंडाऱ्याला बोट लावताना घाबरून डोळे मिटत होते. मेहमूद डॉक्टरांना मी म्हणाले, तुम्ही तुमच्या रीतीनं घ्या. ते म्हणाले, “वैनी, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय, मिठावरच हात ठेवतो.” खालून चिमूटभर मीठ आलं, तेही साखरपुड्यातलंच. त्या पोरीच्या संसाराला आमच्यामुळं काय काय आशीर्वाद लागले असतील देव जाणे.

शेवटी सत्यजीत उरला, आणि तो अडून बसला. म्हणाला, कायमची शपथ मी घेणार नाही. पुरावा बदलतो. उद्या नवी ट्रायल येईल, आज बरोबर ते उद्या चूक ठरेल, मग भंडारा आड येणार. वाचत राहायचं हेच तर मी सांगतोय.

आप्पांना घाम फुटला. म्हणाले, मुदतीचा भंडारा बापजन्मात ऐकला न्हाई. एक्सपायरी औषधाला असती, देवाला कशी असंल?

मी म्हणाले, देवाला न्हाई, डॉक्टरला. एक महिन्याची मुदत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी वडगावला माझ्या ओट्यावर यायचं. पाळीपाळीनं एकानं नवा कागद वाचून यायचं आणि मला कळंल अशा भाषेत सांगायचं, कारण मला कळलं तर पेशंटला कळंल. पटलं तर भंडारा नवा करायचा. मग मासवडी आणि रस्सा. न वाचता येईल त्याला नुसता रस्सा.

मासवडीचं नाव काढल्यावर कोणी विरोधात राहिलं नाही. सत्यजीतनं एका महिन्यापुरता भंडारा उचलला, आणि माझ्या पाया पडताना हळूच म्हणाला, “कळतं तुला, आई.” मी ऐकू आलं नाही असं दाखवलं, म्हणजे तो मोठ्यानं म्हणेल. म्हणाला.

आता वरवंडची बाकडी भरतात. आधीइतकी नाही, पण बसलेला माणूस उठून पुढच्या दवाखान्यात जात नाही, कारण तिथल्यानंही भंडारा उचललाय. स्टँड कोपऱ्यातच आहेत आणि अनिताचे टॉवेल झकास वाळतात. सगळेच डॉक्टर दर महिन्याला येतात असं नाही, वीसबावीस येतात. जो येत नाही त्याचं नाव मुक्ताबाई आळीभर करते, त्यामुळं पुढच्या वेळी तो येतो. आजवर एकाला न्यूमोनियावरचा कागद धड सांगता आला नाही, तर त्यानं गुमान रस्सा ओरपला.

परवाच्या रविवारी मेहमूद डॉक्टरांची पाळी होती. आले, चष्मा पुसला, कागद उघडला आणि बंद केला.

“वैनी,” ते म्हणाले, “आजचा कागद मिठाचा आहे. जेवणातलं मीठ कमी केलं तर बीपी उतरतं. निकाल तुमच्या रश्श्याच्या विरोधात गेलाय.”

माझं बीपी किती आहे हे त्यांना माहीत आहे, आणि माझ्या रश्श्याला कोणी नाव ठेवलं तर काय होतं हेही. मी म्हणाले, ज्या मिठाची शपथ खाल्ली त्याच्यावर उलटलात व्हय, डॉक्टरसाहेब. ते म्हणाले, शपथ मुदतीची होती. मग मी उलटतपासणी घेतली. विचारलं, जावा किती व्हत्या? ते म्हणाले, हजारो, वैनी, गावंच्या गावं. चिठ्ठी टाकली व्हती? टाकली होती. सासू मधे आली न्हाई? नाही आली.

मी सत्यजीतकडं बघितलं. तो छताकडं बघत होता. आप्पांनी पान पुढं सरकवलं.

उचलला मी भंडारा. एक महिन्यापुरता.

त्या दिवशी मासवडी आळणी झाली. ओट्यावरच्या झाडून सगळ्या डॉक्टरांनी साक्ष दिली, की फार छान झालीय. पण नुसत्या साक्षीवर माझा आता विश्वास नाही.